बर्फाच्या उतारावर पाय ठेवण्याआधी

जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरच्या गुरेझमध्ये हिमस्खलन झालं, त्यात अकोला जिल्ह्याचेही जवान गेले. आपल्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीवरची लादी. पण आता इथली पोरं हिवाळ्यात उत्तराखंडात केदारकंठ्याच्या ट्रेकला निघतात, म्हणून हे लिहितो आहे. पहिली पायरी घरीच करायची.

पाटावर जुना टॉवेल अंथरा. त्यावर बोटभर जाड साखर पसरा, वर ज्वारीचं पीठ तळहाताने दाबून दोन बोटं थर द्या. आता पाटाची एक बाजू हळूहळू उचला. वरच्या अंगाला पिठात आडवी भेग पडते आणि भेगेखालचा पिठाचा थर सलगच्या सलग घसरतो. ती भेग नीट बघून ठेवा. डोंगरावरही जुन्या बर्फात थंडीने साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात, ते एकमेकांना धरत नाहीत. त्यावर वाऱ्याने दाबलेला नवा बर्फ बसतो. माणसाचं वजन पडलं की तो निसटतो. बहुतेक वेळा तो सुटतो सापडलेल्याच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच पायाने.

निघण्याआधी चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा पाहा. गाइडला विचारा, कालपासून किती बर्फ पडला, वारा कुठून होता? फूटभर पडला असेल तर उताराला जाऊच नका. वारा जिकडे बर्फ नेऊन टाकतो ती बाजूही टाळा.

उतार काठ्यांनी मोजा. १२० सेंटीमीटरची एक काठी उभी धरा. तेवढीच दुसरी तिच्याशी काटकोनात, चढाच्या दिशेने आडवी धरा आणि टोक बर्फाला टेकेपर्यंत वर-खाली सरकवा. ती उभ्या काठीला ७० सेंटीमीटरवर मिळाली तर उतार ३० अंशांचा, अगदी वरच्या टोकाला मिळाली तर ४५. बहुतेक थर याच दोन अंशांच्या मधे सुटतात. डोक्यावरचा उतारही मोजायचाच, सुटलेला बर्फ खाली सपाटीपर्यंत येतो.

मग त्याच दिशेच्या, पण सौम्य आणि सुरक्षित उतारावर खड्डा खणा. ३० सेंटीमीटर लांब-रुंद खांब मोकळा करून त्यावर फावडं उलटं ठेवा. मनगटातून दहा थापा मारा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा. सुरुवातीच्या थापांतच थर सटकला तर माघारी फिरा. नाही सटकला तरी ती परवानगी नव्हे. दहा पावलांवर बर्फ वेगळा असू शकतो. आणि पायाखाली ‘धप्प’ असा आवाज आला, भेग पळताना दिसली, तर खड्डा खणत बसू नका, आल्या वाटेने परता.

उतार ओलांडावाच लागला तर एकेकाने. बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवायची. प्रत्येकाच्या अंगावर चालू बीकन (गाडलेल्याचा ठाव सांगणारं संदेशयंत्र), सॅकमध्ये प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी) आणि फावडं हवं. तिन्ही वापरायचा सराव आधीच झालेला हवा, कारण गाडलेल्याच्या हातात पहिली दहा-पंधरा मिनिटंच असतात. तो शेवटचा दिसला तिथून खालच्या बाजूला बीकनने शोधा, प्रोबने नेमकी जागा गाठा. प्रोब लागला की तसाच ठेवा आणि उताराच्या खालच्या अंगाने खणा. आधी तोंड, मग छाती मोकळी करा.