लाकूडकामाचा पहिला लेथ

भिलाई हे पोलादाचे शहर आहे. १९५५ साली भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि १९५९ साली येथील कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याबरोबर सेक्टरांची वसाहतही उभी राहिली. अशा शहरात ‘लेथ’ हा शब्द कोणालाच नवा नाही. त्यामुळे सेक्टर ६ मधील एखाद्या रहिवाशाला हौसेखातर लाटणी, भोवरे किंवा वाडगे घडवावेसे वाटले, तर लेथ निवडणे सोपे आहे असा त्याचा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु लाकडाचा लेथ धातूच्या लेथहून एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळा असतो.

धातूच्या लेथवर हत्यार यंत्रातच घट्ट बसवलेले असते. लाकडाच्या लेथवर पटाशी माणसाच्या हातात असते. ती टेकूवर ठेवून फिरत्या लाकडाला लावावी लागते. साहजिकच यंत्राचा प्रत्येक हादरा हातापर्यंत पोहोचतो. मोठ्या मोटारीपेक्षा स्थिर यंत्राला अधिक महत्त्व आहे ते याच कारणाने. बीडाची जड बैठक हादरे शोषून घेते. पातळ पत्र्याची बैठक स्वस्त असली, तरी ती थरथरते. टेकू घट्ट आवळल्यावर जराही हलता कामा नये.

आपल्याकडे लाकूड कातणाऱ्या कारागिराला ‘कातारी’ म्हणतात. सावंतवाडीची लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. कर्नाटकातील चन्नपट्टण येथे फिरत्या खेळण्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. या कामाला फार मोठे यंत्र लागत नाही. म्हणून आधी वस्तू ठरवावी आणि मग यंत्र पाहावे.

लेथचे माप दोन आकड्यांत सांगतात. पहिला आकडा त्यावर मावणाऱ्या लाकडाच्या मोठ्यात मोठ्या व्यासाचा असतो. फिरण्याचा अक्ष बैठकीपासून ५ इंच उंच असेल, तर १० इंचांपर्यंतचा व्यास मावतो. दुसरा आकडा दोन टोकांमधील अंतराचा असतो. १६ इंच अंतर असलेल्या लेथवर १४ इंचांचे लाटणे सहज कातता येते. २८ इंचांचा टेबलाचा पाय मात्र त्यावर बसणार नाही.

वेगाचा विचारही तितकाच आवश्यक आहे. लाकडाचा इंचांतील व्यास आणि मिनिटाला होणारे फेरे यांचा गुणाकार ६,००० ते ९,००० यांच्या दरम्यान असावा, असा एक ढोबळ नियम आहे. त्यानुसार ८ इंचांच्या वाडग्यासाठी मिनिटाला ७५० ते १,१२५ फेरे येतात. ठोकळा ओबडधोबड असताना वेग याहूनही कमी ठेवावा, नाहीतर तो निसटून अंगावर येऊ शकतो. त्यामुळे ज्या लेथचा वेग ५०० फेऱ्यांपर्यंत किंवा त्याखाली आणता येतो, तो नवशिक्याने पसंत करावा.

सर्व पैसे यंत्रावर खर्च करणे शहाणपणाचे नाही. दोन-तीन चांगल्या पटाश्या, त्यांना धार लावण्याचे ग्राइंडर आणि चेहरा झाकणारा पारदर्शक मुखवटा यांसाठी रक्कम राखून ठेवावी. बोथट पटाशी लाकडात अडकते आणि अपघात घडवते. काम करताना सैल बाह्या, ओढणी, गळ्यातील साखळी आणि हातमोजेही टाळावेत. फिरते लाकूड त्यांना क्षणात ओढून घेते. बारीक भुसा फुप्फुसांना अपायकारक असल्याने नाकातोंडावर धूळरोधक मास्क बांधावा.

शेवटी जागेचाही विचार हवा. क्वार्टरच्या मागच्या अंगणात लेथ बसवायचा असेल, तर पावसापासून आडोसा आणि अर्थिंग असलेली वीजजोडणी पाहावी. शेजाऱ्यांच्या झोपेच्या वेळी काम करू नये.

पोलाद असो की लाकूड, यंत्र माणसाच्या हाताची ताकद वाढवते. पण लाकडाच्या लेथवर आकार हातच देतो. त्या हाताला स्थिर आधार देणारा लेथ लहान असला, तरी तोच योग्य होय.

शब्दार्थ
कातणे – फिरत्या लाकडाला हत्याराने आकार देणे
बीड – ओतीव लोखंड
अक्ष – ज्या रेषेभोवती वस्तू फिरते ती रेषा

स्वाध्याय
१. धातूचा लेथ आणि लाकडाचा लेथ यांतील मुख्य फरक सांगा.
२. ६ इंच व्यासाच्या वाडग्यासाठी योग्य वेग काढा.
३. लेथवर काम करताना हातमोजे का घालू नयेत?