एक गळा, अनेक आवाज



दूरचित्रवाणीवरची 'डोरेमॉन' ही कार्टून मालिका तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. हिंदीत डोरेमॉनला आवाज दिला आहे सोनल कौशल यांनी. 'निन्जा हातोडी'तल्या छोट्या हातोडीचा हिंदी आवाज मेघना एरंडे यांचा. मूळ जपानी मालिकेत 1979 पासून 2005 पर्यंत नोबुयो ओयामा डोरेमॉनसाठी बोलत होत्या. या सर्व प्रौढ स्त्रिया. मग आपल्याला ऐकू येतो तो लहान मुलाचा आवाज कोठून येतो?

या प्रश्नाचे उत्तर आणखी एका व्यवसायातील माणसांना नीट ठाऊक असते. ते म्हणजे वाचा-भाषा चिकित्सक, ज्यांना आपण स्पीच थेरपिस्ट म्हणतो. बोबडे बोलणारे मूल, अडखळत बोलणारा विद्यार्थी, आवाज बसलेले शिक्षक यांना ते मदत करतात. ही दोन्ही कामे करणाऱ्या स्त्रियाही काही देशांत आहेत. एकीला आवाज मुद्दाम बदलायचा असतो, तर दुसरीला बिघडलेला आवाज सुधारायचा असतो. पण यंत्र एकच आहे आणि त्याचे नियमही एकच आहेत. ते नियम आज आपण पाहू.

आवाज कसा निर्माण होतो?

गळ्यावर बोटे ठेवा आणि 'स्‌ऽऽ' असा आवाज काढा. आता 'म्‌ऽऽ' म्हणा. दुसऱ्या वेळी बोटांना थरथर जाणवेल. व्याकरणात तुम्ही कठोर आणि मृदू व्यंजने शिकला आहात. 'क' आणि 'ग', 'प' आणि 'ब' यांतील मुख्य फरक या थरथरीचाच आहे.

ही थरथर स्वरतंतूंची असते. नाव 'तंतू' असले तरी त्या तारा नव्हेत. श्वासनलिकेच्या तोंडाशी असलेल्या, स्नायू आणि मऊ आवरण यांच्या त्या दोन घड्या होत. फुप्फुसांतील हवेचा दाब त्यांना दूर सारतो. हवा वेगाने निसटताच त्यांची लवचीकता आणि कमी झालेला दाब त्यांना पुन्हा जवळ आणतात. पुरुषाच्या साध्या बोलण्यात ही उघडझाप सेकंदाला सुमारे 125 वेळा होते, स्त्रीच्या बोलण्यात सुमारे 200 वेळा, आणि लहान मुलांत 300 च्या आसपास. यालाच कंप्रता किंवा वारंवारता म्हणतात. आठवी-नववीत मुलांचा आवाज 'फुटतो', तो याच कारणाने. स्वरतंतू थोड्या काळात लांब आणि जाड होतात, कंप्रता उतरते आणि नव्या यंत्राची सवय होईपर्यंत आवाज मध्येच चिरकतो. यात हसण्यासारखे काही नाही.

नुसती पट्टी चढवून भागत नाही

मोठ्या माणसाने पट्टी चढवून बोलून पाहिले तर तो मुलासारखा वाटत नाही, किंचाळणारा मोठा माणूसच वाटतो. असे का होते?

स्वरतंतूंपासून ओठांपर्यंत एक नळी आहे. ती तळाशी जवळजवळ बंद आणि ओठांशी उघडी असते. एका टोकाला बंद असलेल्या नळीत, तिच्या लांबीच्या चौपट तरंगलांबीचा ध्वनी सर्वांत आधी अनुस्पंदित होतो, म्हणजेच घुमून मोठा होतो. पुरुषात ही नळी सुमारे 17 सेंटिमीटर लांब असते. उबदार, दमट हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला 350 मीटर धरू.

कंप्रता = 350 ÷ (4 × 0.17) = सुमारे 515 हर्ट्‌झ

पुढची अनुस्पंदने हिच्या तिप्पट आणि पाचपट कंप्रतेला येतात. स्त्रीची नळी 14 सेंटिमीटर धरली तर उत्तर 625 येते, आणि मुलाची 12 सेंटिमीटर धरली तर सुमारे 730. आपला कान बोलणाऱ्याचा आकार ओळखतो तो पट्टीबरोबरच या अनुस्पंदनांवरूनही. म्हणून मुलाचा आवाज काढणारी कलावती दोन गोष्टी करते. ती पट्टी चढवते, आणि नळीही आखूड करते. त्यासाठी ती स्वरयंत्र किंचित वर उचलते, ओठ हसल्यासारखे मागे ताणते, जीभ पुढे आणते. राक्षसाचा आवाज हवा असेल तर सर्व उलट: स्वरयंत्र खाली, ओठ पुढे. स्त्रीची नळी मुळातच मुलाच्या नळीच्या अधिक जवळची असल्याने छोट्या मुलांसाठी बहुधा स्त्रियाच बोलतात.

करून पाहा

प्रयोग 1. कुजबुजत 'ई, आ, ऊ' म्हणा. कुजबुजताना स्वरतंतू थरथरत नाहीत, तरीही तिन्ही स्वर वेगळे ओळखू येतात, आणि 'ई'पासून 'ऊ'कडे जाताना ध्वनी उतरल्यासारखा वाटतो. स्वराचे 'ई'पण किंवा 'ऊ'पण गळ्यात नाही, नळीच्या आकारात आहे, हे यातून सिद्ध होते.

प्रयोग 2. छोटा थंड आरसा नाकाखाली, वरच्या ओठावर आडवा धरा. 'मामा' म्हणा, काचेवर वाफ दिसेल. आरसा पुसून 'राजू शाळेला गेला' म्हणा, आणि वाक्य संपण्याआधीच तो दूर करा. आता वाफ दिसणार नाही. या वाक्यात एकही अनुनासिक वर्ण नाही, त्यामुळे मऊ टाळूने नाकाची वाट बंद केली. टाळू फाटलेल्या मुलाला ही वाट बंद करता येत नाही. त्याची हवा नाकातून निसटते आणि बोलणे गेंगाणे येते. वाचा-चिकित्सक असाच आरसा वापरतात.

प्रयोग 3. पेल्यातील पाण्यात शीतपेयाची नळी 5 सेंटिमीटर बुडवून दहा सेकंद एकसारखे बुडबुडे काढा. तुम्ही सुमारे 490 पास्कल दाब दिलात. हा वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काही नाही. साध्या बोलण्याला 5 ते 10 सेंटिमीटर पाण्याइतकाच दाब पुरतो. आता बुडबुडे काढतानाच 'ऊऽऽ' असा स्वर लावा. पाण्याकडून येणारा उलटा दाब स्वरतंतूंना एकमेकांवर जोरात आपटू देत नाही. नळीचा असा उपयोग फिनलंडमध्ये 1960 च्या दशकात रुजला. आज गायक, डबिंग कलावंत आणि चिकित्सक तिघेही तो करतात.

कलावंत आणि चिकित्सक यांचे जुने नाते

जिवंत माणसाचे स्वरतंतू काम करताना कसे दिसतात, हे पद्धतशीरपणे पाहिले ते एका गायनशिक्षकाने. मान्वेल गार्सिया यांनी 1854 मध्ये छोटा आरसा घशात धरून सूर्यप्रकाशात स्वतःचेच स्वरतंतू पाहिले, आणि 1855 मध्ये ती निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवली. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे मुळात बहिऱ्या मुलांचे शिक्षक. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांच्या तोतरेपणावर मदत करणारे लायोनेल लोग हे ऑस्ट्रेलियातील वक्तृत्व-शिक्षक होते.

आपल्याकडेही हे नाते आहे. मुंबईचे संगीतशिक्षक प्रा. बी. आर. देवधर यांनी आवाजसाधना हा शास्त्रीय अभ्यासाचा विषय मानला. डॉ. अशोक दा. रानडे (1937-2011) यांनी तो अभ्यास पुढे नेला. आवाज ही नुसती देणगी नसून तिची मशागत करता येते, हा विचार त्यांनी मराठी गायक-नटांत रुजवला.

एका तासात सात लाख टकरी

आता हिशेब करू. एखाद्या शिक्षिकेचे स्वरतंतू दिवसभरात मिळून एक तास थरथरले, आणि कंप्रता 200 असली, तर 200 × 3600 म्हणजे 7,20,000 टकरी झाल्या. ओरडताना पट्टी आणि टकरीचा जोर दोन्ही वाढतात. स्वरतंतूच्या थरथरणाऱ्या भागाच्या मध्यावर कंपनाचा विस्तार सर्वांत जास्त असतो, आणि सततच्या आघाताने गाठी येतात त्या तेथेच. तुम्ही तारेच्या कंपनात शिकलेला मध्यबिंदू तो हाच.

उघड्या मैदानावर अंतर दुप्पट झाले की ध्वनी 6 डेसिबलने घटतो. एक मीटरवर 60 डेसिबल असलेला आवाज आठ मीटरवर 42 उरतो. वर्गावर पत्रे असतील आणि पाऊस लागला, तर शिक्षकांचा आवाज नकळत चढतो. गलक्यात आपण आपोआप मोठ्याने बोलतो, ही गोष्ट लोंबार या फ्रेंच वैद्याने 1911 मध्ये दाखवून दिली. म्हणून शिक्षकांनी वर्ग शांत होईपर्यंत थांबावे, मध्ये घोटभर पाणी प्यावे, मैदानावर शिट्टी वापरावी. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

वर्गातला एखादा मित्र

आमच्या कड्यासारख्या गावात मूल उशिरा बोलू लागले की घरचे म्हणतात, 'त्याचे आजोबाही उशिरा बोलत होते'. कोणी जिभेला वेखंड लावतात. पण बोलणे कानावाटे शिकले जाते. ऐकू येत नसेल तर वेखंड काय करील? बाळाच्या पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाय सुरू, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. उशीर झालाच असेल, तर आणखी उशीर करू नये.

तोतरेपणात बहुधा गळ्याचे यंत्र चांगलेच असते. मेंदूकडून होणारी बोलण्याची जुळणी अडखळते. सर्वांबरोबर एका सुरात कविता म्हणताना अशी अनेक मुले अडखळत नाहीत. 'सावकाश बोल' असे त्यांना पुनःपुन्हा बजावू नका, त्यांचा शब्द तुम्ही पुरा करू नका. त्यांच्याकडे पाहत शांतपणे ऐका.

मदतीची सोयही आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था 1965 मध्ये सुरू झाली, मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 मध्ये. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेत तपासणी पथक येते. श्रवणदोष, फाटलेला टाळू आणि भाषेचा उशीर हे त्याच्या यादीत आहेत. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात वाचा व भाषा यांचे अपंगत्व स्वतंत्रपणे नमूद आहे. पथक येईल त्या दिवशी अशा मुलाचे नाव वर्गशिक्षकांनी आवर्जून सांगावे. एवढ्या एका वाक्याने त्याचे शिक्षण वाचू शकते.

सोडवून पाहा

1. 12 सेंटिमीटर लांबीच्या नळीचे दुसरे अनुस्पंदन कोणत्या कंप्रतेला येईल?

2. ध्वनिमुद्रणात स्वतःचा आवाज परका का वाटतो? (सूचना: बोलताना आपला आवाज हाडांतूनही कानापर्यंत पोचतो.)

3. म, न, ण आणि अनुस्वार न वापरता पाच मराठी वाक्ये लिहा व आरशाने तपासा. पहिले आम्ही देतो: 'काका, भाकरी खा.'