पिल्लाला ढकलावे लागत नाही



पिल्ले मोठी झाली की गरुडाची मादी त्यांना घरट्यातून ढकलून देते आणि ती पडू लागली की पंखांवर झेलते, ही गोष्ट शिबिरांत व प्रवचनांत आपण अनेकदा ऐकतो. पालकांनी मुलांशी कठोर व्हावे, असे तात्पर्य तिच्यातून काढले जाते. अनुवादाच्या ३२व्या अध्यायातील मोशेच्या गीतात गरुडाची उपमा येते, पण ती देवाच्या सांभाळाची आहे. अमेरिकेतील पांढऱ्या डोक्याचा गरुड, म्हणजे बाल्ड ईगल, पिल्लांना कसा वाढवतो ते आज पाहू.

कॅलिफोर्नियातील बिग बेअर सरोवराजवळच्या एका घरट्यात मार्च २०२५ मध्ये तीन पिल्ले जन्मली. हिमवादळाच्या दिवसांत एक दगावले, दोन वाढली. लोकांनी त्यांना सनी व गिझ्मो अशी नावे दिली. घरट्यावरील कॅमेऱ्यातून जगभरच्या लोकांनी त्यांची तयारी पाहिली.

ही तयारी टप्प्याटप्प्याने होते. आधी पिल्लू घरट्यातच उभे राहून पंख फडफडवते. मग वारा आला की पंख पसरून थोडे वर उचलले जाते. साधारण दहाव्या आठवड्यात ते शेजारच्या फांदीवर उडी मारते आणि परत येते. आई-बाप मासे आणतच असतात, पण फेऱ्या कमी होऊ लागतात. कधी ते घरट्यात न येता जवळच्या फांदीवर बसून राहतात. ढकलत मात्र कोणी नाही.

सनीने २ जूनला झेप घेतली, गिझ्मोने ७ जूनला. घरटे एक, अन्न एक, तरी दिवस वेगळे.

पहिल्या झेपेने शिक्षण संपत नाही. फांदीवर नीट उतरणे आणि शिकार करणे अजून शिकायचे असते. म्हणून त्यानंतरही काही आठवडे आई-बाप त्यांना खाऊ घालतात. पहिले वर्ष धोक्याचे असते आणि बरीच पिल्ले त्यात टिकत नाहीत. डोके पूर्ण पांढरे व्हायला सुमारे पाच वर्षे लागतात.

आपल्या घरांतून मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी बाहेर पडतात. काही पालक शेजाऱ्याचा मुलगा गेला म्हणून आपल्यालाही घाई करतात, तर काही फांदीवरसुद्धा जाऊ देत नाहीत. आम्हाला वाटते, या दोन्ही चुकांवर गरुडाकडे एकच उत्तर आहे : घास थोडा दूर ठेवा, पण स्वतः दूर जाऊ नका.

या आठवड्यात घरी बोलण्यासाठी :
१. मुलांना कोणते काम आता स्वतः करू द्यायला हवे?
२. घराबाहेर गेलेल्या मुलाला अजून आपला कोणता आधार हवा आहे?