घरटं म्हणजे घर नव्हे

॥ श्री गुरुदेव दत्त ॥
चैत्राचा पाठ (घरात सगळ्यांनी बसून वाचावा, मोठ्याने वाचला तर उत्तम)



चैत्र लागला की आपल्या गटांवर दोन तऱ्हेचे निरोप फार येतात. एक म्हणजे फोटो. कुणाच्या बाल्कनीतल्या कुंडीत, कुणाच्या मीटरच्या पेटीवर, कुणाच्या अंगणातल्या जास्वंदीत पाखराने घरटं केलेलं असतं. दुसरा निरोप असा, की मुलाचं शेवटचं वर्ष संपतंय, नोकरी लागली, जुलैत बंगळुरूला किंवा पुण्याला निघणार, प्रार्थना असू द्या. पेढ्याचं चित्र असतं, आणि त्याच्या खाली आईने लिहिलेली एखादी ओळ असते, जी पेढ्यासारखी गोड नसते.

यंदा ग्वाल्हेरच्या एका ताईंनी ती ओळ सरळच लिहिली. त्यांचा एकुलता एक मुलगा चाललाय. त्या विचारतात, "रात्र-रात्र झोप लागत नाही. वीस वर्षं नामस्मरण केलं ते फुकट गेलं का? हा मोह असेल तर सोडायचा म्हणजे नेमकं काय करायचं?"

मराठीची गंमत बघा. जीव लावतो तीही माया आणि डोळ्यांवर पडदा टाकते तीही माया. शब्द एकच. म्हणून उत्तर घाईने देण्यासारखं नव्हतं. या वेळचा पाठ त्या प्रश्नासाठी आहे.

*आधी पाखरं*

शिमग्यानंतर आमच्या इंदूरच्या वाचनाच्या जागी, जिन्याजवळच्या मधुमालतीत, लालबुड्या बुलबुलाच्या जोडीने घरटं केलं. वाटीएवढं. बारीक काटक्या, मुळं आणि त्यांना धरून ठेवायला कोळ्याचं जाळं. गुरुवारी वाचनाला येणारी मंडळी आधी तिथे डोकावून मग वर यायची. अंडी तीन, गुलाबीसर, त्यावर तांबडे ठिपके. बुलबुलाची अंडी साधारण चौदा दिवसांत फुटतात आणि पुढच्या बारा-तेरा दिवसांत पिल्लं घरट्याबाहेर पडतात. म्हणजे सगळा संसार महिन्याच्या आतबाहेर.

पिल्लं अंड्यातून येतात तेव्हा अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले, नुसती उघडी चोच. आई आणि बाप दोघंही चारा आणतात. अळ्या, किडे, मग पिकलेल्या फळांचे तुकडे. पिल्लाची विष्ठा पातळ पिशवीत बांधल्यासारखी येते, ती चोचीत धरून लांब नेऊन टाकतात, म्हणजे घरटं स्वच्छ राहतं आणि वासाने मांजर येत नाही. हे पाहून एक आजी म्हणाल्या, "आमच्या वेळी लंगोट धुवायला यांच्यातला एक बाप तरी पुढे आला असता!" वाचनाच्या आधी इतकं हसणं आमच्याकडे फारसं होत नाही.

शेवटच्या दोन दिवसांत मात्र वेगळं दिसलं. चोचीत किडा घेऊन आई घरट्याच्या काठावर न येता हातभर लांबच्या फांदीवर बसायची आणि आवाज द्यायची. पिल्लं पंख फडफडवून ओरडायची. ती थांबायची. कधी शेवटी येऊन भरवायची, कधी नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी घरटं रिकामं होतं.

जिन्याखाली एक पिल्लू सापडलं. शेपटी बोटाच्या पेराएवढी, उडायला गेलं की दोन हातांवर धप्पकन खाली. वाचनाला आलेल्या एका छोट्याने ते बुटाच्या खोक्यात ठेवायची तयारी केली, कापूससुद्धा आणला. त्याच आजींनी थांबवलं. "त्याची आई इथेच आहे, तुझ्याकडेच बघतेय." खरंच समोरच्या कडुनिंबावर दोघं कलकलाट करत होती. पिल्लाला उचलून दाट झुडपात ठेवलं, आम्ही सगळे आत गेलो, आणि खिडकीतून पाहिलं तर पाच मिनिटांत बाप किडा घेऊन हजर.

पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं, आखूड शेपटीचं पिल्लू जमिनीवर दिसलं तर ते अनाथ नसतं. नीट उडता येण्याआधीच घरटं सोडायचं, हीच त्यांची रीत. एकाच जागी तीन भुकेली पिल्लं ओरडत बसली तर मांजर, कावळा, साप सगळ्यांना पत्ता लागतो. वेगवेगळ्या झुडपांत पांगली तर वाचण्याची शक्यता वाढते. त्यानंतरही काही दिवस आई-बाप त्यांना बाहेर शोधून-शोधून भरवतात. शोधतात कसे? पिल्लू आवाज देतं त्यावरून. (अंगावर पीस नसलेलं पिल्लू पडलं असेल तर मात्र अलगद घरट्यात ठेवावं. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकतात, ही समजूत खरी नाही.)

आणि घरटं? ते तिथेच लोंबतंय. बुलबुलाची जोडी त्याच बागेत आहे, पण रात्री झोपायला त्या वाटीत येत नाही. बहुतेक पाखरं घरट्यात राहतच नाहीत. ती फांदीवर राहतात, पानांच्या आडोशाला झोपतात. घरटं हा पाळणा आहे, वाढवण्यापुरता. आपण माणसं मात्र मूल बाहेर पडलं की "घरटं रिकामं झालं" म्हणून डोळ्याला पदर लावतो. पाखराच्या लेखी घरटं रिकामं होणं म्हणजे काम तडीस गेलं. मेलेल्या पिल्लांचं घरटं रिकामं होणं वेगळं, आणि उडालेल्या पिल्लांचं वेगळं.

*आता कपोत*

दत्तप्रभूंच्या चोवीस गुरूंत एक पाखरू याच विषयाचं आहे. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात, सातव्या अध्यायात अवधूत यदुराजाला कपोताची म्हणजे पारव्याची गोष्ट सांगतो. मराठीत ती आपल्याला नाथ महाराजांच्या एकनाथी भागवतात मिळते.

गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. रानात एक कपोत आणि कपोती. एकमेकांवर अतोनात प्रेम. ती जे मागेल ते तो कष्ट करून आणून देई. पिल्लं झाली, त्यांच्या कोवळ्या पंखांचा स्पर्श आणि बोबडी चिवचिव यात दोघं हरवून गेली. एक दिवस दोघंही पिल्लांसाठी चारा आणायला गेली असताना पारध्याने जाळं टाकलं आणि घरट्याजवळ फिरणारी पिल्लं धरली. आई आली, पिल्लांना पाहून आक्रोश करत जाळ्याकडे धावली आणि स्वतः अडकली. बाप आला. त्याने बायको पाहिली, मुलं पाहिली, जाळंही पाहिलं. रडला, आता जगून काय करू म्हणाला, आणि डोळ्यांदेखत त्याच जाळ्यात पडला. पारध्याला एका दिवसात सगळं कुटुंब मिळालं, तो खूश होऊन घरी गेला.

ही गोष्ट ऐकून बरेच जण म्हणतात, बघा, प्रेम केलं की असं होतं, म्हणून प्रेम नको. आम्हाला हे वाचन पटत नाही. अवधूताने बोट ठेवलंय ते अतिस्नेहावर, स्नेहाच्या पुढच्या 'अति'वर. चारा आणायला जाणं ही चूक नव्हती. रडणं ही चूक नव्हती, पिल्लं जाळ्यात असताना कोण रडणार नाही? जाळं दिसत असताना त्यात उडी टाकणं, तिथे भान सुटलं. त्या उडीने एकही पिल्लू सुटलं नाही.

ताई, तुमच्या प्रश्नाचं आमच्याकडचं उत्तर इथे आहे. मुलगा जाणार म्हणून झोप लागत नाही, यात साधना फुकट गेल्याचं काही चिन्ह नाही. ते दुःख आईचं आहे, येऊ द्या. तपासायचं एवढंच, की आपण त्या दुःखापायी काय करतोय. "तू गेलास तर माझं बीपी वाढेल" असं त्याला ऐकवतोय का? निघायच्या आठवड्यात अन्न टाकून बसतोय का? त्याने नाव काढू नये म्हणून घरातली बोलणी बंद आहेत का? ही उडी आहे. आणि इथे तर पारधीही नाही. मुलगा जाळ्यात सापडलेला नाही, कामाला निघालाय.

बडोद्याच्या एका दादांचा निरोप दुसऱ्या बाजूचा होता. त्यांनी मुलीला पाठवलं, पण दिवसातून पाच फोन, लोकेशन सतत चालू, पगार खात्यात आला की लगेच "कुठे खर्च केलास?" म्हणतात, मी तर तिला जाऊ दिलं. दादा, ते बुटाचं खोकं आहे. कापूस घातलेला आहे, पण खोकंच.

जनाबाईंच्या एका प्रसिद्ध अभंगात चार आया येतात: दूर जाऊन पिल्लांना चारा आणणारी पक्षीण, आकाशात फिरून पिल्लाकडे झेप घेणारी घार, कामात असून चित्त बाळापाशी ठेवणारी माणसाची आई आणि पिल्लू पोटाशी धरून हिंडणारी वानरी. जनाबाईंना सांगायचं आहे ते विठ्ठलाच्या मायेबद्दल. पण घरी वाचताना लक्षात येतं, या चारही आपणच असतो, वेगवेगळ्या वयांत. मूल दोन वर्षांचं असताना वानरी व्हावंच लागतं. बावीस वर्षांचा झाल्यावर तिसरी आई पुरते, हात कामात आणि चित्त तिथे.

*आपण तरी कुठले?*

आपल्या गटांतल्या घरांनी हे विसरू नये, की आपण स्वतःच निघालेल्यांची लेकरं आहोत. १८१० साली दौलतराव शिंद्यांचा तळ ग्वाल्हेरला पडला, त्याचंच लष्कर झालं. १८१८ नंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. बडोद्यात गायकवाड त्याच्याही आधीचे. त्यांच्या मागे कारकून आले, भटजी आले, वैद्य आले, शिलेदार आले, कुणी कोकणातून, कुणी देशावरून. तेव्हा ना फोन ना गाडी. एखाद्या ओसरीवर कुणाची तरी आई खांबाला धरून उभी राहिली असेल आणि मुलाची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत असेल. तिने पाठवलं म्हणून आज आपल्या घरात मराठीही आहे आणि पोहे-जलेबीही. (बेळगावकर म्हणतील, आम्ही कुठे गेलो, आम्ही जागेवरच होतो, १९५६ ला राज्यंच बदलली. मान्य!) आणि नाथांचा ग्रंथ? पैठणात सुरू झाला, पूर्ण झाला काशीत, शके १४९५ म्हणजे इ.स. १५७३ मध्ये. घरापासून दूर.

*जाणाऱ्या मुला-मुलींसाठी*

तुम्हाला हा पाठ आईने पुढे पाठवला असेल, तरी एवढं वाचा. झुडपातलं पिल्लू गप्प बसलं तर आई-बापांना ते सापडत नाही. तुम्ही आवाज द्यायचा. रोज तासभर नको. रविवारी सकाळी दहा मिनिटं, पण तुमच्याकडून, आणि "हो, ठीक, ठेवतो" याच्यापुढचं काहीतरी. काय जेवलात, बॉस कसा आहे, ताप आला होता तर आला होता म्हणून सांगा. लपवलेला ताप आईला आवाजावरून कळतोच, आणि मग ती पाच फोन करते. पहिल्या काही महिन्यांत पैसे लागले तर मागायला लाजू नका. बाहेर पडल्यावरही काही दिवस चारा येतोच. आणि कधी तरी तोंडाने सांगा, की तुमच्यामुळे उडता येतंय.

*या पंधरवड्यात*

सातवा अध्याय, कपोताची गोष्ट, घरात जाणारं मूल असेल तर त्याच्यासमोर वाचा आणि वाचून झाल्यावर उपदेश करू नका. त्यालाच विचारा, कपोताने काय करायला हवं होतं? आमच्याकडे एका मुलीने दिलेलं उत्तर असं: "जगायला हवं होतं. पुढच्या वर्षी परत पिल्लं झाली असती." यावर गुरुवारी खूप बोलणं झालं, तुमच्याकडेही होईल.

ज्यांची मुलं गेली आहेत त्यांनी मुलांच्या खोलीतली एक तरी वस्तू वापरात काढावी. टेबल असेल तर त्यावर पोथी ठेवा, शेजारच्या मुलांना अभ्यासाला बोलवा. गच्चीत पाण्याचं पसरट भांडं ठेवा, रोज पाणी बदला; माळव्यातला वैशाख पाखरांना सोसत नाही. घरट्याचे फोटो लांबून काढावेत, फ्लॅश लावू नये, आणि अंडी असताना फांद्या छाटू नयेत.

पुढच्या पाठात अकराव्या स्कंधाचाच नववा अध्याय घेऊ. त्यात कुरर पक्षी आहे, चोचीत मांसाचा तुकडा असलेला, आणि त्याच्या मागे लागलेले दुसरे पक्षी. वाचून ठेवा. प्रश्न आवाजी निरोपाने पाठवले तरी चालतील, फक्त दोन मिनिटांच्या आत.