'झाले असेल' आणि 'झालेले असेल'

इंग्रजीच्या बारा काळांचे कोष्टक पाठ नसलेला विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात शोधूनही सापडणार नाही. २००० सालापासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी शिकवतात, त्यामुळे माझ्या वयाच्या मुलामुलींनी हे कोष्टक वर्षानुवर्षे पाहिलेले आहे. त्यात भविष्यकाळाच्या रकान्यात, खालून दुसऱ्या घरात, एक काळ असतो : फ्युचर पर्फेक्ट, म्हणजे पूर्ण भविष्यकाळ. बाकीच्या काळांची आपल्या लिहिण्याबोलण्यात थोडीफार ये-जा असते. हा मात्र लग्नघरी ओळख नसलेल्या पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसून राहतो. परीक्षेत एका गुणाला विचारला तर उत्तर येते, पण आपण होऊन त्याला कोणी हाक मारीत नाही.

असे का व्हावे, याचा विचार मी गेले वर्षभर करीत आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. इंग्रजीची शंका घरी विचारावी असे कोणी नाही. म्हणून शंका आली की ती आधी मायच्या आणि आजीच्या बोलण्याला लावून पाहायची, अशी मला सवय लागली. या काळाच्या बाबतीत ती सवय फार उपयोगी पडली. अडचण इंग्रजीत थोडी आहे आणि मराठीत जास्त आहे, असे माझे मत झाले आहे. ते विद्यार्थी मित्रांपुढे आणि प्राध्यापकवर्गापुढे ठेवण्याचा हा प्रयत्न.

रूपाची बाजू सोपी आहे. आधी कर्ता, मग 'विल हॅव', मग क्रियापदाचे तिसरे रूप. कर्ता एक असो की अनेक, 'विल'च्या पुढे 'हॅव'च येते, 'हॅज' कधीही येत नाही. जुन्या पुस्तकांत 'आय' आणि 'वी' यांच्यापुढे 'शॅल' लावण्याचा दंडक दिसतो; आता सर्वत्र 'विल' चालते. 'पर्फेक्ट' या शब्दाने मात्र थोडा घोटाळा होतो. आपण 'एकदम पर्फेक्ट' म्हणतो ते बिनचूक या अर्थाने. व्याकरणातला हा शब्द मुळात लॅटिनचा, आणि तेथे त्याचा अर्थ 'पुरे केलेले', 'तडीस नेलेले' असा होतो. लॅटिनमध्ये या काळासाठी क्रियापदाचे एकाच शब्दाचे स्वतंत्र रूप होते. इंग्रजीला तेच काम तीन शब्द जोडून करावे लागते.

आता अर्थाकडे वळू. साध्या भविष्यकाळात आपण आजच्या जागी उभे राहून पुढे पाहतो. पूर्ण भविष्यकाळात आपण मनाने पुढच्या एखाद्या वेळेवर जाऊन उभे राहतो आणि तेथून मागे वळून पाहतो. उदाहरण आपल्या स्टेशनचेच घ्या. महाराष्ट्र एक्सप्रेस सकाळी गोंदियाहून सुटते आणि राज्याची एवढी लांबी कापून दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला पोचते. आज रात्री आपण जेवायला बसू, तेव्हा या गाडीने नागपूर आणि वर्धा मागे टाकलेले असेल. गाडी नागपूरला पोचेल हे साधे भविष्य झाले. 'जेवायला बसू तेव्हा' ही खुंटी ठोकली, की तिच्या अलीकडे जे उरकले ते सारे पूर्ण भविष्यात गेले. खुंटी नसेल तर या काळाला टेकायला जागाच नाही. कोष्टकात नुसते 'ही विल हॅव गॉन' एवढेच छापलेले असते, खुंटी छापलेली नसते; म्हणूनच ते वाक्य डोक्यात शिरत नाही, असा माझा संशय आहे.

गाइडात या वाक्यासमोर मराठी अर्थ दिलेला असतो : 'तो गेला असेल.' खरी गंमत येथे सुरू होते. बसस्टँडवर धावत पोचलेल्या माणसाला कोणी म्हणाले, 'बस गेली असेल,' तर आपल्याला काय कळते? बस बहुधा गेली, हा तर्क कळतो. वाक्यात 'असेल' हे भविष्याचे रूप आहे खरे, पण बोलणारा मागे घडून गेलेल्या गोष्टीविषयीच बोलतो आहे. हिंदीतही तसेच : 'निकल गई होगी.' आपल्या जिल्ह्यात एका घरात दोन-तीन भाषा नांदतात, आणि निदान या दोन भाषांत तरी 'असेल' व 'होगी' हे शब्द अंदाजाच्या कामाला जुंपलेले आहेत. या तर्काला इंग्रजीत बहुतेक वेळा 'मस्ट हॅव गॉन' असे म्हणतात.

बहुतेक वेळा म्हणण्याचे कारण असे, की इंग्रज माणूसही कधीकधी आपल्यासारखाच बोलतो. 'यू विल हॅव हर्ड द न्यूज' याचा अर्थ 'बातमी तुमच्या कानावर आलीच असेल' असा होतो. तेथे पुढची वेळ नाही, खुंटी नाही, निव्वळ तर्क आहे. म्हणजे गाइडातला अर्थ अगदीच खोटा नाही. तो या काळाच्या आडवाटेचा अर्थ आहे, आणि आपल्याला शिकवतात तोच आधी.

मग मुख्य अर्थाला मराठीत काय म्हणावे? माझ्या मते 'गेलेला असेल', 'झालेले असेल', 'कापलेले असेल' ही रूपे अधिक जवळची आहेत. 'उद्या दहापर्यंत बस गेलेली असेल' यात तर्काचा वास कमी आणि हिशेबाची खात्री जास्त. फरक एका 'ल'चा आहे, पण ऐकणाऱ्याला तो कळतो. शिवाय मराठी रूप लिंग आणि वचन सांगते. गेलेला, गेलेली, गेलेले यांवरून कोण गेले ते समजते; इंग्रजी 'विल हॅव गॉन' त्याविषयी गप्प राहते. आणखी एक गोष्ट जाता जाता सांगते. काही गाइडांत 'मी पत्र लिहिले असेन' असे वाक्य आढळते. आमच्याकडे ते असे कोणी बोलत नाही. आम्ही 'मी पत्र लिहिलेले असेल' म्हणतो, कारण येथे क्रियापद पत्राच्या मागे चालते, माझ्या मागे नाही. 'मी गेलेली असेन' मात्र बरोबर, तेथे क्रियापद माझे आहे. इंग्रजी शिकताना आपण आपले व्याकरणही पुन्हा शिकतो, ते असे.

पण मायच्या आणि आजीच्या तोंडी 'झालेले असेल' हेही फारसे येत नाही. पूर्ण भविष्यकाळाची कल्पना मात्र त्यांच्या बोलण्यात पदोपदी असते. 'तू आंघोळ करून ये, तवर भात झालाच.' भात अजून चुलीवर शिजतो आहे, तरी माय त्याला भूतकाळात ढकलून मोकळी होते. इंग्रजीत हे सांगायचे तर 'द राइस विल हॅव कुक्ड' असे पूर्ण भविष्यच लागेल. दुसरी रीत 'होऊन जाईल' ही. 'पोळ्यापर्यंत रोवणा होऊन जाईल' हे वाक्य आपल्या धानाच्या मुलखात कोणी ऐकले नसेल असे नाही. इंग्रजीत तेही 'विल हॅव बीन डन' होईल. धानाचे सारे वर्षच असे खुंट्यांवर टांगलेले आहे. जूनमध्ये पऱ्हे टाकायचे, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणा. दिवाळीच्या आगेमागे हलके धान कापून झालेले असते, भारी धान बांधीत उभे असते. मग कडपा, भारे, पुंजणे आणि चुरणा. कोणत्या सणाच्या आधी काय उरकलेले असेल, हे आजीला पंचांग न उघडता सांगता येते. ज्या मुलाचे घर असे हिशेब रोज करते, त्याला या काळाची कल्पना नवी कशी असेल? त्याच्यासाठी नवे आहे ते फक्त 'विल हॅव'.

सर्वांत मोठा खड्डा मात्र एका साध्या शब्दात आहे. तो शब्द म्हणजे 'पर्यंत'.

'पाच वाजेपर्यंत मी शेतात राहीन.' 'पाच वाजेपर्यंत काम झालेले असेल.' मराठीत दोन्हीकडे 'पर्यंत'. पहिल्या वाक्यात राहणे पाचापर्यंत चालू आहे. तेथे इंग्रजीत 'टिल' किंवा 'अन्टिल' येते. दुसऱ्यात काम पाचाच्या आत केव्हातरी संपले. तेथे 'बाय' येते. आपण शब्दकोशात 'पर्यंत' पाहतो, 'टिल' सापडते, आणि 'आय विल हॅव फिनिश्ड द वर्क टिल फाइव्ह' असे वाक्य तयार होते. व्याकरणाचे रूप बिनचूक, पण वाक्य इंग्रजी नव्हे. ओळखण्याची एक युक्ती मला सापडली. 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' घालून पाहावे. 'पाचाच्या आत काम झालेले असेल' हे जमते, म्हणून 'बाय'. 'पाचाच्या आत मी शेतात राहीन' हे जमत नाही, म्हणून 'टिल'. माझ्या वहीतली पंचवीस-तीस वाक्ये मी या चाळणीतून काढली, एकही अडले नाही. एखाद्या मित्राला अडलेले वाक्य सापडले तर जरूर सांगावे.

दुसरा खड्डा याच्या शेजारीच आहे. आपण म्हणतो, 'तू येशील तोवर मी निघालेली असेन.' 'येशील' भविष्यकाळ. इंग्रजीत मात्र 'बाय द टाइम'च्या पाठीमागे साधा वर्तमानकाळ लागतो : 'बाय द टाइम यू कम, आय विल हॅव लेफ्ट.' 'व्हेन', 'बिफोर', 'इफ' यांच्याही मागे असेच. यापैकी 'तू येईपर्यंत' हे रूप वापरून विचार केला तर सोपे जाते, कारण 'येईपर्यंत' यात भविष्याचे 'येशील' दिसतच नाही.

हा काळ केवळ परीक्षेपुरता आहे, असे म्हणणाऱ्यांसाठी घरचेच एक उदाहरण देते. गेल्या हिवाळ्यात धान मोजून दिले, पण चुकारे खात्यात यायचे होते. इकडे शुल्क भरण्याची शेवटची तारीख जवळ आली. बाबांनी विचारले, 'पैसे येतीलच, मग अडचण काय?' अडचण अशी होती, की पैसे येतील हेही खरे आणि तारीख जाईल हेही खरे. प्रश्न आधी काय होणार हा होता. मुदतीसाठी मी जो अर्ज लिहिला तो इंग्रजीत लिहिला, कारण नमुना इंग्रजीत होता. त्यात हे वाक्य घातले : 'बाय द टाइम वी रिसीव्ह द पेमेंट फॉर आवर पॅडी, द लास्ट डेट विल हॅव पास्ड.' 'द लास्ट डेट विल पास' एवढेच लिहिले असते तर ती नुसती माहिती झाली असती. तारीख सर्वांचीच जाते. 'विल हॅव पास्ड' म्हटल्यावर दोन घटनांचा क्रम ठरला, आणि आमची सारी अडचण त्या क्रमातच होती. दोन हप्त्यांत भरण्याची सवलत मिळाली. ती वाक्यामुळे मिळाली असा माझा दावा नाही. पण अर्ज वाचणाऱ्याला परत प्रश्न विचारावा लागला नाही, एवढे खरे.

आणखी एक उपयोग वर्षांच्या मोजणीचा. आपला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. म्हणजे १ मे २०२९ रोजी त्याला ३० वर्षे पूर्ण होतील. मराठीत साधा भविष्यकाळ पुरतो, कारण 'पूर्ण' हा शब्दच पूर्णतेचे काम करतो. इंग्रजीत मात्र 'द डिस्ट्रिक्ट विल हॅव कम्प्लीटेड थर्टी इयर्स' असे म्हणतात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ सालचे. २०३६ मध्ये त्याला २०० वर्षे झालेली असतील. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली निघाले, त्याचे शतक केव्हाच उलटले. ही उदाहरणे सरावासाठी चांगली आहेत, तारखा पाठ होतात आणि काळही.

नकाराचे तेवढे राहिले. तो आमच्या वर्गातच शिकायला मिळाला. सरांनी सर्वांना एक-एक वाक्य लिहायला सांगितले होते : २०३० सालापर्यंत काय झालेले असेल? एकाने पोलीस भरतीत लागलेलो असेन असे लिहिले. एकीने लिहिले की बाबांचे कर्ज फिटलेले असेल. मी बी. एड. पूर्ण केलेले असेल असे लिहिले. मागच्या बाकावरच्या मैत्रिणीने लिहिले : 'बाय ट्वेंटी थर्टी, आय विल नॉट हॅव गॉट मॅरीड.' वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहिले आणि 'नॉट' हा 'विल' आणि 'हॅव' यांच्या मध्ये कसा बसतो ते दाखवले. मग ती उभी राहून म्हणाली, 'सर, पुढे 'अनलेस आय चूज टू' जोडले तर चालेल का?' सर म्हणाले, 'चालेल. 'अनलेस'च्या मागे वर्तमानकाळच लागतो, तो तू बरोबर लावला आहेस.'