आधी अनुस्वार बघ

अगं, तुझ्या जपानी कंपनीत अजून फॅक्स चालतो म्हणालीस, म्हणून सांगते. आमच्या वकिलाच्या ऑफिसात माझी अर्धी नोकरी त्या यंत्रापुढे उभं राहण्यात गेली.

स्टँडर्डवर ठेवलं की यंत्र आडव्या ओळीत एका मिलिमीटरला आठ ठिपके टिपतं, पण उभ्यात जेमतेम चार ओळी (खरं तर 3.85). म्हणजे उभी रेघ शाबूत राहते आणि आडवी मार खाते. इंग्रजी टाईपचं पत्र यातून निभावतं. आपलं देवनागरी नाही. अनुस्वार जातो, रफार जातो, बारीक शिरोरेघ तुटते. तलाठ्याच्या हातचा सातबारा मी एकदा तसाच धाडला. पलीकडे गट नंबरातला ३ कुणी २ वाचला, आणि साहेबांनी दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं. तुमच्या जपानी अक्षरांत तर रेघांची दाटीच, ती बुजून काळा डाग होतो.

तेव्हा बारीक अक्षर असेल तर फाईन. उभ्या ओळी दुप्पट होतात, वेळही जवळपास दुप्पट लागतो. एसटीडीच्या दिवसांत तो वेळ बिलात दिसायचा, म्हणून आम्ही रात्री पाव दर लागायची वाट बघत बसायचो. सुपरफाईनच्या नादी उगाच लागू नकोस. पलीकडच्या यंत्राला ते झेपत नसेल तर आपलं यंत्र आपोआप खाली उतरतं.

फोटोचं बटण फक्त फोटोला. फॅक्स पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची लांबी मोजून पाठवतो. कोरी जागा मोठी असली की काम झटपट. फोटोवर ठेवलंस की करड्या जागी ठिपक्यांची रांगोळी होते, पट्ट्यांचे तुकडे पडतात, पान सरकता सरकत नाही आणि अक्षराच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात.

कार्बन कॉपी किंवा पेन्सिल असेल तर डार्क कर. रंगीत कागद असेल तर उलट, लाईट. नाहीतर पानभर काजळी. जांभळा शिक्का फिका असेल तर मी आधी झेरॉक्स गडद काढायचे आणि तीच लावायचे.

पाठवण्याआधी त्याच यंत्रावर एक कॉपी काढ. कॉपीवर उभी काळी रेघ आली तर काचेच्या पट्टीवर व्हाईटनरचा कण चिकटलाय, ओल्या फडक्याने पूस. पण कॉपी छान आली म्हणून हुरळू नकोस. बरीच यंत्रं कॉपी स्वतःहूनच फाईनवर काढतात, आणि एक फॅक्स गेला की पुन्हा गुपचूप स्टँडर्डवर येतात. दर वेळी बटण बघ.

आणि ‘ओके’ची चिठ्ठी आली म्हणजे पान पोचलं एवढंच. आकडे असतील तर फोन करून तिकडून वाचून घे.