लेखनाच्या आवृत्त्या व ‘फॉसिल’

गेल्या वर्षीं चार मुलांनीं ग्रंथालयांतील पुस्तकांची देवघेव नोंदविणारी एक लहानशी आज्ञावली लिहावयास घेतली. दोन महिने काम उत्तम चाललें. पुढें एके दिवशीं एकानें केलेल्या दुरुस्त्यांवर दुसऱ्यानें आपली जुनी प्रत चढविली, आणि पंधरा दिवसांचे श्रम नाहींसे झाले. ‘अंतिम’, ‘नवीन अंतिम’, ‘खरोखर अंतिम’ अशा नांवांच्या सात फायली तेवढ्या उरल्या. त्यांतील खरी कोणती, हें चौघांपैकीं एकालाही सांगतां येईना.

अशी आपत्ति टळावी म्हणून आवृत्ति-नियंत्रणाचीं साधनें निर्माण झालीं आहेत. कोणी, केव्हां, कोणत्या ओळी बदलल्या व कां बदलल्या, याची तीं क्रमवार नोंद ठेवितात. बेल प्रयोगशाळेंत मार्क रॉचकिंड यांनीं १९७२ सालीं असें एक साधन रचिलें, तेव्हांपासून त्यांची परंपरा चालत आली आहे. आज या क्षेत्रांत ‘गिट’चें राज्य आहे. लिनक्सच्या कामासाठीं वापरांत असलेल्या बिटकीपरचा विनामूल्य उपयोग बंद झाला, म्हणून लिनस टॉर्वल्ड्स यांनीं तें २००५ सालीं लिहिलें. ज्यांनीं एकमेकांचें तोंडही पाहिलेलें नाहीं अशा सहस्रावधि माणसांच्या कामास तें योग्यच आहे, आणि पुढें या व्यवसायांत शिरूं इच्छिणाऱ्यानें तें शिकावेंच. परंतु चार मुलांच्या कामास ‘फॉसिल’ हें अल्पपरिचित साधन अधिक सोयीचें आहे, असें माझें मत झालें आहे.

डी. रिचर्ड हिप यांचें हें साधन २००७ पासून स्वतःचीच आज्ञावली स्वतःच्या भांडारांत सांभाळीत आहे. साधन म्हणजे एकच फाइल. भांडार म्हणजेही एकच फाइल. सर्व आवृत्त्या, उणिवांच्या तक्रारी, टिपणें, हीं सारीं त्या एका फाइलींत राहतात. गिटमध्यें नोंद करणें आणि ती इतरांकडे पाठविणें हीं दोन निराळीं कामें आहेत. विसराळू मुलगा पहिलें करून घरीं जातो. फॉसिल मुख्य संगणकास जोडलेलें असलें म्हणजे नोंदीपूर्वीं तेथील नव्या नोंदी स्वतःच आणतें. दरम्यान दुसऱ्यानें कांहीं बदललें असल्यास थांबून तसें सांगतें. नंतर आपली नोंद तिकडे पोंचवितें. शाळेंतील एक संगणक मुख्य केला तर बाहेरच्या इंटरनेटचीही गरज नाहीं.

माझ्या मतें खरा भेद इतिहासाविषयीं आहे. गिटमध्यें ‘रिबेस’च्या योगें आपल्या मागील नोंदी नव्यानें रचतां येतात. चुकांची अडगळ वाचकापुढें कशास मांडावी, असें त्याचे पुरस्कर्ते म्हणतात, आणि त्यांत कांहींच तथ्य नाहीं असें नाहीं. फॉसिलमध्यें ही सोय बुद्धिपुरस्सर ठेविलेली नाहीं. नोंदीचें टिपण चुकलें तर दुरुस्ती नवी नोंद म्हणून जोडली जाते. मूळ तशीच राहते. अत्यंत अनुचित मजकूर मात्र व्यवस्थापकास वगळतां येतो. गणिताच्या वहींत चुकलेल्या रीतीवर एकच रेघ मारावी, पान फाडूं नये, असा माझा वर्गांत आग्रह असतो (कित्येकांस तो जाच वाटतो, हेंही मला ठाऊक आहे). कारण मुलगा कोठें घसरला हें त्या रेघेखालींच दिसतें.

एका पालकांनीं विचारलें, “ज्याचें नांव कोणी ऐकलें नाहीं, तें मुलांस कां शिकवितां?” त्यांच्या खिशांतील दूरध्वनींतही माहिती साठविणारी एसक्यूलाइट ही प्रणाली आहे; तिची आज्ञावली २००९ पासून फॉसिलमध्येंच ठेविलेली आहे. शिवाय साधनास मूल्य पडत नाहीं.

आरंभ करणाऱ्यानें ‘इनिट’नें भांडार निर्माण करावें, ‘ओपन’नें उघडावें, ‘ॲड’नें फायली दाखल कराव्या व ‘कमिट’नें नोंद करावी. ‘यूआय’ म्हटल्यावर सर्व इतिहास पडद्यावर दिसतो. त्या चौघांनीं जूनपासून काम पुन्हां आरंभिलें आहे. परवां त्यांच्या नोंदींत एक वाक्य वाचलें: “कालचा बदल चुकीचा होता, मागें घेतला.” खालीं करणाऱ्याचें नांव होतें.